दिवेवाल्याचा तोल

दिवाबत्ती खात्यात बावीस वर्षं शिडी चढणाऱ्या दिवेवाल्याला चक्कर येऊ लागली, ही बाब त्याने खात्याला रीतसर कळवली. आधी डोक्याची डावी बाजू ठणकायची, मग खालची वाहनं पळू लागली की त्यांच्याबरोबर खांबही पळायचा. माणूस साधा. त्याला बढती नको होती की बक्षीस नको होतं. उरलेली चार वर्षं खाली भांडारात बसून बल्ब तपासायचं काम हवं होतं.

बदलीच्या अर्जात एक रकाना होता: 'कर्मचाऱ्याचा कामावर तोल गेला आहे काय?' दिवेवाल्याने खरं ते लिहिलं: 'होय. आठवड्यातून दोनदा.'

तिसऱ्या दिवशी त्याला गैरवर्तनाची नोटीस आली.

"कुणावर ओरडलात?" कारकुनाने विचारलं.

"अहो, कुणावरच नाही. शिडीवर असताना तोल गेला."

"शिडीवर," कारकुनाने लिहून घेतलं. "ती खात्याची मालमत्ता आहे, हे ठाऊक होतं ना?"

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब मनाचे मोठे. ते म्हणाले, "तपासणी करून या. तोल शाबूत निघाला तर शिडी आहेच. गेलेला निघाला तर चौकशी लावू." इकडे आड, तिकडे विहीर.

बायको म्हणाली, "पडायचंच असेल तर दवाखान्यात पडा. खांबावरून पडलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" आणि पदराने डोळे पुसून त्याच्याबरोबर निघाली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला मऊ गादीवर उभं केलं. डोळे मिटले, तर गडी खुंटीसारखा ताठ. डोळे उघडायला लावून समोरच्या पडद्यावर काळेपांढरे पट्टे सरकवले, तसा तो थेट बाईंच्या अंगावरच कलंडला. मग काळोखात एक चमकती रेघ दाखवून ती उभी सरळ करायला सांगितली. नजरेने खांब ओळंब्यात धरणाऱ्या त्या माणसाने रेघ तिरकी ठेवली आणि "झाली सरळ" म्हणाला. दिवा लावून बाईंनी फरक दाखवला तेव्हा त्याला रडूच कोसळलं.

"अहो, यात तुमचा काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "ही अर्धशिशीची चक्कर. तुमचा मेंदू डोळ्यांवर फार भिस्त ठेवतो. औषध देते, पण शिडी बंद म्हणजे बंद."

त्यांनी अहवाल लिहिला. पहिली ओळ: 'डोळे मिटल्यावर रुग्ण स्थिर आहे.' पुढच्या नऊ ओळींत बाकीचं सगळं होतं. पण अहवालाची पहिली ओळ वाचून निर्णय द्यायचा, हा खात्याचा जुना रिवाज होता.

आदेश निघाला: 'सदर कर्मचाऱ्याने शिडीवरील सर्व कामे यापुढे डोळे मिटून करावीत. कामाच्या वेळेत डोळे उघडे आढळल्यास तो गैरवर्तनाचा पुरावा समजण्यात येईल.'

"साहेब, न बघता तारेला हात कसा लावू?" दिवेवाल्याने हात जोडले.

"बघता म्हणूनच तर तोल जातो!" साहेब मायेने म्हणाले. "मी सव्वीस वर्षं या खुर्चीत आहे. कधी डोळे उघडले? कधी चक्कर आली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवेवाला भर चौकात डोळे मिटून शिडी चढला. खाली बायको दोन्ही हातांनी शिडी धरून ओरडत होती, "उजवीकडे... तिकडे नको, तार आहे! अहो, जपून!" तो हाताने हवा चाचपत होता आणि तिचा आवाज बसत चालला होता. शिडी वाटेत आली म्हणून दोघातिघांनी हॉर्न वाजवले.

त्या तासाभरात चौकातून शेकडो माणसं गेली. एकानेही मान वर केली नाही, आणि एकालाही चक्कर आली नाही. तुम्हीही त्याच वेळी कामाला निघाला होतात. खात्याने तुमच्या नावापुढे 'स्थिर' अशी नोंद करून घेतली आहे.