तीन पडद्यांचे वासुदेवभाऊ

घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत संगणक एकाच घरी होता आणि त्याला पडदे तीन होते. चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही बीएस्सीची पोरं-पोरी एका पडद्यासमोर दाटीवाटीनं बसायचो आणि इकडे वासुदेवभाऊ एकटे तीन पडद्यांसमोर. एक पडदा गुलाबीसर, एक हिरवट, एकाची काच कोपऱ्यात टिचलेली. सगळे जुन्या बाजारातून आणलेले, विटांवर फळी टाकून मांडलेले. वर त्यांच्या बायकोचं, शकुनबाईंचं, जुनं लुगडं, कारण आमच्याकडची कोळशाची धूळ देवालाही सोडत नाही.

तीन कशाला, असं कुणी विचारलं की भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं: "एकाच जागी पाह्यणारा माणूस कामाचा नाई."

भाऊ खाणीवर इंजिन चालवायचे. म्हणजे माणसांनी भरलेला पिंजरा दोरानं खाली सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढायचा. माझे बाबा रोज त्या पिंजऱ्यातून खाली जात. भाऊंचा हात चुकला तर काय, हे आमच्या घरी कुणी कधी बोलत नसे.

खाणीची शिस्त त्यांनी घरातही आणली होती. पिंजऱ्याला इशारा घंटेच्या ठोक्यांचा असतो. एक ठोका थांब, दोन ठोके खाली सोड. भाऊ जेवताना ताटावर बोटानं ठोकत. दोन ठोक्यांवर वरण खाली यायचं, एका ठोक्यावर पळी थांबायची. एकदा शकुनबाई चिडून, तोंडाले कुलूप हाये का, म्हणून बोलत सुटल्या. भाऊंनी शांतपणे एक ठोका दिला.

कॉलनीत संगणक शिकणारी मी एकटी, म्हणून तीन पडदे जोडायला मला बोलावणं आलं. खरं सांगायचं तर मी दोन पडदेसुद्धा कधी जोडलेले पाहिले नव्हते. पण घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी मी. बाबांनीच अभिमानानं पाठवलं होतं, नाही कसं म्हणणार? जास्तीच्या पडद्यांसाठी लागणारं कार्ड मी पुस्तकात पाहून बसवलं. पडदे लागले, पण त्यांचा क्रम चुकला. माउसचा बाण उजव्या पडद्यातून बाहेर पडला की तिसरीकडेच उगवायचा. भाऊ म्हणाले, "हा बैल आपला गोठा सोडून लोकायच्या गोठ्यात शिरून राह्यला." शेवटी सेटिंगमधल्या चौकटी ओढूनओढून मी तो बैल रांगेला लावला.

मला वाटलं, झालं काम. पण भाऊंना पडदे सरळ रांगेत नको होते. डावा लांब आणि तिरका, मधला समोर, उजवा थोडा खाली. खुर्चीत बसून, डोळे मिटून, हात लांब करून ते जागा चाचपत होते. डाव्या हाताला पिंजऱ्याची खोली दाखवणारा काटा, समोर दोराचं मोठं चाक, उजवीकडे ब्रेकचा काटा. ते आपली केबिन मांडत होते.

मग त्यांनी कारण सांगितलं. अलीकडे भाऊ डावीकडून आलेल्या माणसाला ओळख देत नसत, शेळ्यांना धडकत, चहाचा कप पाडत. कॉलनी म्हणायची, संगणक आला आणि मिजास आली. मिजास नव्हती. "समोरचं सारं दिसते, पोरी. बाजूचं मिटून राह्यलं." खाणीच्या तपासणीत समोरची अक्षरं वाचायची असत, ती ते घडाघडा वाचत. नागपूरच्या एका डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि आणखी जाईल. कधी, ते कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून भाऊंनी स्वतःची तपासणी स्वतःच काढली.

पाळीवर जाण्याआधी ते खुर्चीत बसून मधल्या पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहत. मी डाव्या पडद्याच्या टोकापासून एक पांढरी चौकट माउसनं सावकाश आत आणायची. दिसली की ते सांगायचे. डावा पडदा संपून मधला सुरू होतो तिथे फट होती. चौकट ती फट ओलांडून आली आणि तरी दिसली नाही, तर त्या दिवसापासून इंजिनाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

सुरुवातीला चौकट निघाल्या-निघाल्या ते "दिसली" म्हणत आणि परीक्षा पास झाल्यासारखे खूश होत. हिवाळा सरता सरता ती फटीजवळ यायला लागली.

एकदा शकुनबाईंनी मला स्वयंपाकघरात घेतलं. इंजिनाची खुर्ची सुटली तर हा माणूस जगणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "फटीच्या अलीकडंच थांबवून ठेवत जा ना, माय, त्यायले दिसेपर्यंत."

मला त्यांची दया येत होती आणि डोळ्यांसमोर बाबांचं हेल्मेट येत होतं.

त्या दुपारी मी चौकट आणली. फट आली. शकुनबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता मी पुढे सरकवली. चौकट मधल्या पडद्यावर आली. भाऊ घड्याळाकडे टक लावून बसले होते, अगदी निवांत. चौकट घड्याळाला टेकली तेव्हा ते दचकले.

"कुठवरून आली?"

मी खरं ते सांगितलं: डाव्या टोकापासून, फट ओलांडून.

मग त्यांनी विचारलं, "तुहा बाप आज कोणत्या पाळीत हाये?"

"दुसऱ्या."

ते उठले, तोंड धुतलं, कामाचे कपडे घातले. निघताना मला म्हणाले, "डोयाचं कोणाले नको सांगू. मले मॅनेजरले सांगा लागते, तेवढं बस. बाकीचे मंग मागचे दिवस मोजत बसतीन, कोणकोणत्या दिवशी आपण अर्ध्या आंधळ्याच्या हातानं खाली गेलो म्हणून. त्यायची झोप काऊन उडवाची?"

आज ती खाण बंद आहे, भाऊ नाहीत, बाबा घरी असतात. म्हणून हे लिहिते आहे.

त्या दिवशी दुसरा माणूस येईपर्यंत सगळी पाळी खाणीच्या तोंडाशी ताटकळत उभी राहिली. बाबा उशिरा घरी आले ते चिडूनच. वासुदेवले माज आला, म्हणाले, ऐन पाळीच्या टायमाले खुर्ची सोडून देल्ली. जेवायला बसले तरी थांबेनात.

"घरी पडदे पाहत बसला असंन, अजून काय?"

मी त्यांच्या ताटात भात वाढला.

"हो बाबा," मी म्हणाले, "पडदेच पाहत होते."