सब लिखेला है

आमच्या पडेगावच्या कॉलेजात साळवे सकाळी कुणाला नमस्कार करत नाहीत. येतात, चपला काढतात, खुर्चीत बसून 'हू' अशी कमांड देतात. सर्व्हरवर आत्ता कोण कोण बसलंय त्यांची नावं पडद्यावर आली, की मान डोलावतात. त्यांच्या लेखी जयभीमही झाला आणि हजेरीही.

साळवे आमच्या लिनक्स सर्व्हरचे राखणदार. कुणी कधी कोणती कमांड दिली याची नोंद यंत्र ठेवतं आणि साळवे ती चहाबरोबर पेपरासारखी वाचतात. "पाटील मॅडमचं आज काहीतरी बिनसलंय. एकच फाइल सहादा उघडली." मग मॅडमच्या टेबलावर मुकाट चहा जातो. कुणी काही नाकबूल केलं, की ठरलेलं उत्तर, "सब लिखेला है, सर."

मी तिथं कंत्राटावर शिकवतो. आपण कुठल्या फोल्डरात आहोत हे मला कधीच उमगत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी यंत्रालाच विचारतो. अशा माणसावर बालंट आलं. प्रॅक्टिकलच्या गुणांचं फोल्डर उडालं आणि नोंदीत नाव माझं! मंगळवार, संध्याकाळी सहा. तेव्हा मी कन्नडला मावसबहिणीच्या लग्नात अक्षता टाकत होतो. "लॉगिन कुठूनही होतं," प्राचार्य म्हणाले. "शनिवारी तुमच्या कंत्राटाचं ठरायचंय. त्याआधी खुलासा द्या."

घरी जाऊन मी लग्नाचे फोटो पाहिले. फोटोत मी होतो. तरी मला यंत्राचंच खरं वाटायला लागलं.

साळवे दोन दिवस नोंदी वाचत होते. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं.

"हे तुम्ही नाय, सर. तुम्ही काही करायच्या आधी तीनदा विचारता, मी कुठं हाये? ह्यानं एकदाबी विचारलं नाय."

"मग कोण?"

"बघू की. ऑडिटची नोंद येगळी असती. दुसऱ्याच्या खात्यात शिरला तरी माणूस मुळात कोणत्या नावानं आला, ते ती सोडत नाय."

त्यांनी ती नोंद उघडली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव साळव्यांचं होतं.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "मीच. तुमचा पसारा लई असतो, सर. आवरायला शिरलो होतो. दोन फोल्डरं सारखीच दिसली, म्हणून एक उडवलं."

सगळे घरी गेल्यावर हा गृहस्थ रोज एकेकाच्या खात्यात शिरून फायली जागेवर लावत होता! रागवावं की आभार मानावेत, मला कळेना. शेवटी म्हणालो, "जाऊ द्या. फोल्डर बॅकअपमधून परत आलंय. ही नोंद तुमच्याशिवाय वाचतंय कोण?"

साळव्यांना ते लागलं. "सब लिखेला है, सर," म्हणाले आणि स्वतःच्या नावानिशी अहवाल लिहून प्राचार्यांना देऊन आले.

मला कंत्राट मिळालं. साळव्यांना मेमो मिळाला आणि पाचनंतर कॉलेजात थांबायची मनाई झाली.

सोमवारी पाचला ते गेटपाशी उभे होते. पुंडलिकनगरकडं जायला रिक्षा होत्या, पण ते बसत नव्हते. मला फार वाईट वाटलं. विचारलं, "रोज थांबून आमचा पसारा कशाला आवरायचात हो?"

"मिसेस गेली तेव्हापासून घरी आवरायला काय नाय, सर. घरच्या कॉम्प्युटरवर हू मारलं तर एकच नाव येतंय."

मी रिक्षा थांबवली.

"बसा," म्हणालो. "माझ्या घरी लई पसारा हाये."