तात्याच्या फ्रिजमधली नळी

त्या दिवशी सकाळी मी हौसाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, टाचेला मलम लावलं. शेवटचं. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक! ती जखम बघून म्हणाली, "जोंधळ्याएवढीच ऱ्हायलीया की! जावा आता नळी फ्रिजात ठेवून या, पर बिगीनं, न्हायतर तात्याचा गारवा पळंल." आणि हसत बसली.

तात्या आमचा शेजारी. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, एकटा जीव. फ्रिजचं त्याला भारी वेड. दार उघडलं की मोठ्यानं मोजायचा, "एक, दोन, तीन..." पाचाच्या आत हात बाहेर पाहिजे. सख्ख्या भावालाही सहावा आकडा मिळाला नाही. "गारवा पळतोय की, पावणं!" भावालाच पावणं!

हौसाला साखरेचा आजार. जखम आठ महिने भरेना, डॉक्टर पाय कापायचं बोलायला लागले. मग त्यांनीच कातडी वाढवणारं मलम दिलं. म्हणाले, फ्रिजातच ठेवा. आमच्यात कुठला फ्रिज? म्हणून रोज सातला मी तात्याच्या दारात. नळीच्या कप्प्यात तो दुसरं काही ठेवायचा नाही. "वैनीचं औषध हाय, शेजारी अंडी ठिवू व्हय?" लाइट गेली की फ्रिजला पाठ लावून बसायचा, कुणी उघडू नये म्हणून. घरात दुसरं माणूस नाही!

एकदा मी डॉक्टरांकडनं ऐकलेलं सांगितलं. "तात्या, परदेशात जखमेत जीन टोचून बघाय लागल्यात. उसाचं बेणं लावल्यागत. मग कातडी आपलं औषध आपणच करती. मलम नको, फ्रिज नको."

तात्याचं तोंड उतरलं. "फ्रिज नको? खुळी हाईत ती!"

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आकडे तेवढे मोजायचा.

तर ते शेवटचं मलम लावलं, त्याच दुपारी हौसा गेली. हार्ट बंद पडलं. पाय वाचला, बाई गेली.

दुसऱ्या दिवशी सातला उठून मी तात्याच्या दारात. सुतकात कुणाच्या घरी जाऊ नये, पण गेलो. तात्यानं फ्रिज उघडला. कप्प्यात एकटी नळी. तो बघत उभा. मोजेना.

"तात्या, गारवा पळतोय."

"पळू दे."

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हेणार काय नळी?"

मी दार लावलं. "ऱ्हाऊ दे हितंच. सातला येतोय की मी रोज."