अडलास तर पुढं जा

"दिवसभराचं काम चहा निवायच्या आत करून दाखवतो," असं शॉर्टकटरावांनी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात चहाही नव्हता. पण आत्मविश्वास होता, आणि तो त्यांच्याकडे पगारापेक्षा नेहमीच जास्त असायचा.

शॉर्टकटराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंपांचे सुटे भाग पुरवणाऱ्या त्या कंपनीच्या ऑफिसात ते हजेरी आणि रजा बघत. जिना चढताना एक पायरी सोडून चढत, म्हणून ऑफिसने हे बारसं केलं होतं. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता.

उद्याच्या रजा आज नोंदवायच्या, ही तिथली रीत. प्रत्येक खात्याची रजेची एक फाइल होती, तिच्यात खात्यातल्या सगळ्यांची नावं. ती सगळ्यांना दिसे, पण तिच्यात लिहायचा हक्क एकट्या खातेप्रमुखाला. त्यामुळे मॅडमनी दिलेली अर्जदारांची नावं घेऊन शॉर्टकटराव टेबलाटेबलावर फिरत आणि एकेका नावापुढे 'मंजूर' लिहून घेत. प्रमुख मंडळी सवडीने फाइल उघडत. सुट्या भागांचं गोदाम सांभाळणारे स्टोअरकाका तर फाइलीच्या आधी आपल्या गुडघ्याचं दुखणं उघडत, आणि ते मिटेपर्यंत दुपार सरे.

आज मात्र शॉर्टकटरावांना दुपार दवडायची नव्हती. उद्या सकाळच्या बसने त्यांना बायकोबरोबर दिवसभरासाठी समुद्रावर जायचं होतं. ही सहल एकदा मालमोजणीत बुडाली होती आणि एकदा ऑडिटमध्ये. या खेपेला बायकोने बॅग भरतानाच बजावलं होतं, "अहो, आता नाही आलात तर मी थांबणार नाही. आईला घेऊन जाईन." शॉर्टकटराव तेव्हा हसले होते, पण मनातून त्यांना वाईट वाटलं होतं. तिला समुद्र दाखवायचं वचन लग्नाइतकंच जुनं होतं.

म्हणून त्यांनी मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे संगणकाला काम एकदाच नीट समजावायचं, मग तो ते न कुरकुरता करत राहतो. हा मॅक्रो एकेक फाइल उघडणार होता. प्रत्येक नावापाशी थांबून, या माणसाचा अर्ज आलाय का, हे अर्जांच्या फाइलीत बघणार होता. आला असेल तर 'मंजूर' लिहिणार होता, आणि शेवटी ज्याच्या नावापुढे 'मंजूर' दिसेल त्याच्या मोबाइलवर निरोप धाडणार होता.

मॅडमनी जरा विचार केला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खात्यांच्या फाइलींत लिहायचा हक्क त्यांना देऊन टाकला. फक्त त्यांच्या स्वतःच्या नावाची ओळ सोडून.

"त्या ओळीला कुलूपच राहील," मॅडम म्हणाल्या. "स्वतःची रजा स्वतः मंजूर करायची नाही. तुमचं आटपलं की मला आठवण करा, मी लिहीन."

अर्जांच्या फाइलीचा विषय काही निघाला नाही. ती मॅडमखेरीज कुणालाच उघडत नसे. मॅडमना वाटलं, ती यांना लागत नसेल. यांना वाटलं, सगळ्या फाइली म्हटल्यावर तीही आलीच.

मॅक्रो सुरू केला आणि घोडं पहिल्याच पावलाला पेंड खाऊ लागलं. आपल्या ओळीचं कुलूप आड आलं असणार, असं शॉर्टकटरावांनी ताडलं. तपासून बघणं हा लांबचा रस्ता होता. त्यांनी मॅक्रोच्या अगदी वर एक हुकूम लिहिला. त्याचा अर्थ, अडलास तर पुढं जा. आणि मॅक्रो असा सुटला की चहा खरोखरच निवायच्या आत सगळं आटोपलं.

थोड्याच वेळात कंपनीचा ड्रायव्हर येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेला. "तुम्ही देवमाणूस आहात, मी तर मागितलीसुद्धा नव्हती," असं तो म्हणाला. शॉर्टकटरावांना त्याचा विनय आवडला. मग हिशेब खात्यातल्या दोघी हसत हसत आभार मानून गेल्या. वेगाने केलेल्या कामाची लोकांना कदर असते, असं शॉर्टकटरावांनी शेजारच्या टेबलाला ऐकवलं. ते टेबल पर्स आवरत होतं.

स्टोअरकाका तर जिना चढून आले. अचानक रजा लागली, आता दिवस कुठे घालवावा, हा त्यांना प्रश्न पडला होता. शॉर्टकटरावांनी क्षणाचाही विलंब न लावता समुद्र सुचवला. खाऱ्या पाण्यात गुडघा मोकळा होतो, बस सकाळी सुटते आणि खिडकी डावीकडची धरावी, इतकं सगळं सांगितलं. अचानक कशी लागली, हे विचारायचं तेवढं राहिलं.

मग ते शीळ घालत मॅडमच्या केबिनकडे गेले. केबिनला कुलूप होतं. बाहेर शिपाई आपला डबा पिशवीत घालत होता.

"मॅडम गेल्या," तो म्हणाला. "उद्या रजा आहे त्यांना. कधीची मागत होत्या मालकांकडे. आज निरोप आला म्हणून खुशीत निघाल्या, बहिणीकडे. फोन बंद ठेवणार म्हणाल्या. जाता जाता तुमचा तो फाइलींत लिहायचा हक्कही काढून घेतलाय. आठवणीने."

"तू कुठे निघालास?"

"मलाही रजा आहे की. सगळ्यांनाच आहे. का, तुम्हाला नाही?"

शॉर्टकटराव उलट्या पावली टेबलाशी धावले. फाइली दिसत होत्या, पण आता त्यांत एक अक्षर लिहिता येत नव्हतं. वरपासून खालपर्यंत मंजूर, मंजूर, मंजूर. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मॅक्रो कुलपापाशी अडलाच नव्हता, तो अडला होता अर्जांच्या फाइलीपाशी, कारण ती त्याला उघडतच नव्हती. अर्ज आलाय का, असं तो विचारायचा. उत्तर मिळेना, की अडायचा. अडला की पुढं जायचं, असा साहेबांचा हुकूम होता, आणि पुढची ओळ होती, 'मंजूर' लिही. सगळ्या ऑफिसात कोरी राहिलेली जागा एकच होती. तिथे कुलूप होतं.

त्यांनी फोन करून पाहिले. हातात आलेली रजा कोण सोडतो? ऑफिस उघडं तर राहायला हवं, आणि रजा नसलेला माणूस कंपनीत एकच उरला होता.

घरी त्यांनी सगळं खरं सांगितलं. मॅक्रो किती वेगाने धावला, हेही सांगितलं.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे साऱ्या ऑफिसला तुम्ही रजा दिलीत."

"हो."

"न मागणाऱ्यांनासुद्धा."

"हो. पण अगं, ती ओळ..."

तिने बॅगेतून त्यांचा सदरा काढला आणि त्या जागी आईची शाल ठेवली. सदऱ्याची घडी तिने पुन्हा नीट केली. शॉर्टकटरावांना ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. सासूबाई मात्र खुशीत होत्या. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," एवढंच म्हणून त्या चपला पुसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टेबलावरचा फोन वाजला की शॉर्टकटराव त्या त्या टेबलाकडे पळत. एका गिऱ्हाइकाने चिडून विचारलं, तुमच्या वरचं कोणी आहे का? आज तरी नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ऐकायला ते त्यांना बरंही वाटलं.

दुपारी बायकोचा फोटो आला. ती लाटेत उभी होती, वाऱ्याने केस उडालेले, आणि इतकी हसत होती की शॉर्टकटरावांनी फोटो बराच वेळ मिटला नाही. शेजारी सासूबाई होत्या. मागे पँट दुमडून, गुडघ्यापर्यंत पाण्यात, स्टोअरकाका उभे होते.

शॉर्टकटरावांनी संगणक बाजूला सारला. कोरा कागद घेतला, पुढच्या आठवड्यातल्या एका दिवसाच्या रजेचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला आणि एकही पायरी न सोडता जिना चढून मॅडमच्या केबिनपाशी गेले. दार वाजवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मॅडम रजेवर आहेत, आणि ती रजा आपणच मंजूर केली आहे.