तांबड्या दोऱ्याचं बटण

रविवारी दुपारी कस्तुराने टीव्हीवर एक हिंदी पिक्चर पाहिला आणि संध्याकाळपर्यंत चिखलीतला तिचा सुखाचा संसार डळमळला.

पिक्चरमधला मेजर सीमेवर पहारा देतो, इकडे बायको देव पाण्यात घालून बसते. तो सुट्टीवर येतो तर वर्दीचं एक बटण परक्या हातानं लावलेलं. तिथेच त्याचं बिंग फुटतं. कस्तुराने डोळे पुसले, जयसिंगचा कंपनीचा शर्ट धुवायला काढला, आणि तिचा हात थबकला. वरचं बटण तांबड्या दोऱ्यानं लावलेलं. तिच्या डब्यात तांबडा दोरा नव्हताच.

"हे कुणी लावलं हो?"

"भिमाजींनी," जयसिंग चहा पीत म्हणाला. "आमचे गेटवरचे वॉचमन. बटण तुटलेलं दिसलं की आत सोडत नाहीत. सुई-दोरा खिशातच असतो त्यांच्या."

"मिशावाला वॉचमन बटणं लावतो?"

"फौजेत होते ते."

"मेजर बी फौजेतलाच होता," कस्तुरा म्हणाली आणि पोळी जरा जास्तच जोरात लाटू लागली. लाटता लाटता ओठांवर ओवी आली:

तांबड्या दोऱ्याचं बटण, कुण्या गं नारीनं लाविलं
धाग्याधाग्यानं घर माझं, कुण्या गं दाराला बांधिलं

तो दोरा उसवून तिने पांढऱ्या दोऱ्याने बटण पक्कं केलं. उसवलेला दोरा पुराव्यासाठी पर्समध्ये गेला, त्यामागोमाग सुई आणि पांढरं रीळही. सोमवारी जयसिंगची दुपारची शिफ्ट. तिने त्याचा डबा तांदळाच्या पिंपामागे दडवला. कंपनीची बस सुटली तशी डबा घेऊन ती चाकणला त्याच्या कंपनीकडे निघाली, कांद्याच्या ट्रकांमागून कुंथत जाणाऱ्या रिक्षातून.

गेटवर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे भिमाजी चष्मा नाकावर ओढून एका सुपरवायझरच्या बाहीला बटण लावत होते. दोरा तांबडा.

"जयसिंगरावांच्या वैनी व्हय? बरं झालं डबा आणला," ते म्हणाले. "आमच्या हिच्या डब्यातला हा दोरा. संपला बगा आत्ता."

कस्तुराची मान खाली गेली. वर केली तेव्हा भिमाजींच्याच कॉलरचं बटण लोंबताना दिसलं.

"आणि तुमचं?"

"ड्यूटीवर वर्दी उतरवायची न्हाई. अंगातलं आपलं आपल्याला शिवता येत न्हाई."

मनातल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून कस्तुराने पर्समधून पांढरं रीळ काढलं. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात, म्हणून भिमाजींनी दातात काडी धरली आणि सावधान उभे राहिले.

मंगळवारी सकाळी जयसिंगचा फोन वाजला. भिमाजींचा आवाज दबका होता. "जयसिंगराव, जरा वैनींना द्या. आमच्या दुर्गाबाईंनी बी तो पिक्चर पायलाय. पांढरा दोरा कुणाचा, इचारत्यात."

"दुसऱ्याचा डबा द्यायला आलेली बाई तुमचं बटण लावून गेली?" पलीकडून दुर्गाबाई कडाडल्या. "मेजर बी असंच सांगत व्हता."

जयसिंगने फोन कस्तुरापुढे धरला आणि चहाचा सावकाश एक घोट घेतला.