उपासाला चालणारी पावडर

आखातातल्या हमरियात भाजीच्या एका गोदामात रताळ्यांना बुरशी लागत असे आणि तिचा जाब अर्बाब, म्हणजे मालक, जमाल बुरशीला नव्हे, स्टोअरकीपर शिवरामला विचारत असे. अठ्ठ्याण्णवच्या महाशिवरात्रीआधी त्याने सांगूनच टाकलं, "शिवराम, इस बार माल नहीं बिका, तो वीसा खलास."

मालवणच्या शिवरामने धसकाच घेतला. रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा पाला आणि लसूण वाटून त्याने अर्क काढला, त्यात रताळी बुडवून सावलीत सुकवली. तीन आठवडे झाले, एकही कुजलं नाही. गडी इतका हरखला की त्याने मराठीत पाटी लावली : 'लसूण-कडुनिंबाच्या अर्कातली रताळी. विषारी पावडर नाही.' इथेच तो फसला.

अल हैल वस्तीतल्या कलावतीबाई उपासाची रताळी घ्यायला आल्या आणि पाटी वाचून रिकाम्या पिशवीनिशी परत गेल्या. संध्याकाळी तिथल्या भारतीयांची उत्सव समिती चौकशीला आली. अध्यक्ष ओमप्रकाश एका कंपनीत सुरक्षा अधिकारी होते.

"लसूण? उपासाला?"

"सायबानू, फकत सालीक लागलो. साल कोण खाता?"

"संपर्काच्या बाबतीत सालीला सवलत देण्याची तरतूद नाही," ओमप्रकाश म्हणाले. "ते पोतं कसलं?"

"जुनी पावडर, बुरशी मारूची. वर कवटी आसा बघा."

"कांदा-लसूण आहे त्यात?"

"नाय."

"धान्याचा अंश?"

"छ्या! निव्वळ वीख."

"मग उपासाला चालतं." ठराव एकमताने मंजूर झाला. पावडर लावलेल्या रताळ्यांचीच शिफारस करणारं पत्रक त्याच रात्री घरोघरी गेलं.

उपास दोन दिवसांवर आला होता. शिवरामने पोत्यात हात घातला आणि काढून घेतला. व्हिसा हवा होता, पण माणसांना वीख घालायला जीव धजेना. शेवटी त्याने पाटी उतरवली, शिंगाड्याचं पीठ आणलं आणि त्याच लसणातल्या रताळ्यांवर भुरभुरलं.

सकाळी रांग लागली. कलावतीबाईंनी एक रताळं उचलून परत ठेवलं. "याला पावडर कमी लागलीय हो. चांगलं पांढरं बघून द्या."

दुपारपर्यंत माल संपला. अर्बाबने व्हिसाच्या कागदावर सही केली आणि शिवरामला चहा पाजला. समितीने त्याच्या सहकार्याबद्दल आभार मानले. उपास कडक झाला.

कलावतीबाईंना खुशाल हसा. फक्त मागच्या एकादशीला तुम्ही रताळी आणलीत, तेव्हा ती उपासाला चालतात एवढंच विचारलंत, की त्यांना काय लावलंय तेही विचारलंत?