ऑरविलचं मन आणि मार्लिसचं हॉटडिश

माणसाचं मन कॉम्प्युटरात उतरवणं फारसं अवघड नाही, लोक उगीच बाऊ करतात, असं ऑरविल ट्वेटचं ठाम मत होतं. अमेरिकेत, मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवण्यात त्याची हयात गेलेली. निवृत्तीनंतर दोन हिवाळे तो तळघरात बसून मशीनशी बोलला. लहानपण, रागलोभ, शेजाऱ्याच्या बर्फ उपसायच्या यंत्राबद्दलचा हेवा, सगळं त्यानं ओतलं. मिनेसोटातला माणूस इतका मोकळा मशीनपुढेच होऊ शकतो.

"मी गेलो तरी इथंच असेन," तो बायकोला अभिमानानं म्हणाला.

"बरं," मार्लिस म्हणाली. "मग मी ताटं किती मांडू?"

आता उरला पुरावा. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी परीक्षा ठरली आणि ऑरविलचा जुना मित्र व्हर्लिन पंच झाला. ऑरविल आतल्या स्वयंपाकघरात बसून टाइप करणार, बाहेर मार्लिससमोर दोन पडदे. एकावर नवऱ्याची उत्तरं, दुसऱ्यावर मशीनची, पण कुठला पडदा कुणाचा ते तिला सांगायचं नाही. मार्लिसनं मशीनला नवरा मानलं की ऑरविल अमर! मंडळी केक हातात घेऊन भोवती जमली.

मार्लिसनं जरा विचार करून विचारलं, "काल रात्रीचं हॉटडिश कसं झालं होतं?"

हॉटडिश म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला बटाटे-खिम्याचा घरगुती पदार्थ, आणि इकडे बायकोच्या हॉटडिशला कुणी नावं ठेवत नाही. अगदीच घशाखाली उतरेना तर 'वेगळं लागलं' म्हणतात, आणि तेवढ्यावरसुद्धा घरात आठवडाभर शांतता पसरते.

पहिल्या पडद्यावर आलं, "छान होतं."

दुसऱ्यावर आलं, "खारट. लग्नापासून खारटच आहे. पण मी पहिला घास घेईपर्यंत तू चमचा उचलत नाहीस, माझ्याकडे बघत थांबतेस. त्या बघण्यासाठी मी दुसऱ्यांदा वाढून घेतो."

मार्लिसनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग पहिल्या पडद्याकडे बोट केलं.

"हा माझा नवरा. तो दुसरा कोण आहे देव जाणे, पण चाळीस वर्षांत ऑरविल एका दमात इतकं बोललेला नाही."

ऑरविल आतून धावत आला. "अगं, तोच खरा मी आहे! माझं मन आहे ते, शब्दन् शब्द माझा!"

"म्हणजे खारट होतं?" मार्लिसनं शांतपणे विचारलं.

सगळं चर्च त्याच्याकडे बघू लागलं. एका पारड्यात दोन हिवाळ्यांची मेहनत आणि अमरत्व, दुसऱ्यात मार्लिस.

"छे छे, छान होतं," तो पुटपुटला. व्हर्लिननं प्रयोग फसल्याचं जाहीर केलं आणि मंडळी पुन्हा कॉफीकडे वळली.

संध्याकाळी मार्लिसनं ते मशीन, म्हणजे ऑरविलचा लॅपटॉप, घरच्या तळघरातून उचलून जेवणाच्या टेबलावर आणला. जेवणार का, असं तिनं ऑरविलला विचारलं. पहिल्यांदा हो म्हणायचं नाही या इकडच्या रीतीप्रमाणे तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा हो म्हणायच्या तयारीत तो बसला होता, तर ती लॅपटॉपकडे वळली.

"भूक आहे का रे?"

"कडकडून," पडद्यावर आलं. "आणखी एकदा विचारलंस की हो म्हणेन."

मार्लिस हसली. तिनं वाढलं, समोर बसली आणि नेहमीसारखी ऑरविलकडे बघत थांबली. ऑरविलनं घास घेतला. आज मिठाचा कणही नव्हता.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

ऑरविलनं घास गिळला आणि तोंड उघडलं.

"तू थांब," मार्लिस म्हणाली. "ह्याला विचारते."